पडवीतले दोन हिवाळे

स्कार्ववीक, ९ सप्टेंबर २००६

राग्नफ्रिड हाउगलांड यांस,

नमस्कार. माझं नाव तुमच्या लक्षात असेल असं वाटत नाही, म्हणून आधी ओळख सांगतो. मी हिल्मार अनानियासेन. तुमचे वडील आमच्या गावात मास्तर होते, तेव्हा तुमच्या घरी रोज सकाळी दूध घालायला येणारा मुलगा. बर्गेनच्या टेलिफोनच्या पुस्तकात तुमच्या नावाच्या दोघी निघाल्या. कोणती खरी ते कळेना, म्हणून हेच पत्र दोघींनाही पाठवत आहे. तुम्ही दुसऱ्या असाल तर माफ करा आणि पत्र चुलीत टाका.

काम असं आहे. लढाईच्या वर्षांत आमच्या शाळा जर्मन सैनिकांनी घेतल्या. त्याआधी आणि त्यानंतर शाळा चालली ती फक्त नॉर्वेजियन भाषेत, आणि घरी सामी भाषा बोलणाऱ्या आम्हा मुलांना ती येत नव्हती. यात आमचं शिक्षण बुडालं हे सरकारने आता मान्य केलं आहे. अर्ज करायचा, काय बुडालं ते दाखवायचं, एक साक्षीदार द्यायचा. मग राजधानीतून पत्र येतं. थोडे पैसेही मिळतात, पण मला पत्र हवं आहे. अर्ज १ डिसेंबरच्या आत पोचला पाहिजे. इथून टपालाला किती दिवस लागतात हे नक्की कोणी सांगत नाही.

अडचण अशी की अर्जाबरोबर शाळेचे कागद जोडायचे आहेत, आणि माझ्याकडे शाळेचा एकच कागद आहे. तो सोफ्यामागच्या भिंतीवर चौकटीत लावलेला आहे. त्यावर लिहिलं आहे की हिल्मार अनानियासेन याने सात वर्षांचं शिक्षण पूर्ण केलं. वाचन चांगलं, लेखन चांगलं, गणित फार चांगलं. तारीख १९४७ची, सही तुमच्या वडिलांची. ज्या दिवशी तो कागद माझ्या हातात पडला, त्या दिवशी मला तो वाचता आला नाही.

मी कार्यालयात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "पण आजोबा, तुमची शाळा तर पूर्ण झालेली दिसते!" मी म्हणालो, दिसते. आणि मी फोन ठेवला.

शेजारच्या ओलुफला हे सांगितलं तर तो म्हणतो, "न शिकल्याचं बक्षीस वाटतायत, आणि त्या परीक्षेतही तू नापास!" त्याचा अर्ज मंजूर झाला आहे. त्याच्या प्रमाणपत्रावर आईने पीठ मळलं होतं, म्हणून त्याच्याकडे कागदच उरला नव्हता.

तुमच्या वडिलांची एखादी वही, हजेरीपट असं काही तुमच्याकडे असेल तर कळवा.

हिल्मार अनानियासेन

ता. क. पाकिटावर तिकीट जास्तीचं लावलं आहे. कमी पडलं असतं तर भुर्दंड तुम्हाला बसला असता.


बर्गेन, २५ सप्टेंबर २००६

श्री. अनानियासेन यांस,

तुमचं पत्र मिळालं. ती मीच. तुमचं नाव मला आठवतं.

तुमचा रोख समजला, पण त्यात मी मदत करू शकत नाही. १९४२ साली जर्मनांनी बसवलेल्या नव्या राजवटीने शिक्षकांसाठी आपली संघटना काढली आणि सगळ्यांनी तिच्या कागदावर सही करावी असा हुकूम सोडला. माझ्या वडिलांनी सही केली नाही. त्यासाठी त्यांना आमच्या स्वयंपाकघरातून उचलून नेलं आणि आठ महिने पूर्वेकडच्या बंदरात गोदीवर ओझी वाहायला लावलं. त्यांच्या जन्मगावी दगडावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. एक सही न करण्यासाठी ज्या माणसाने हे सोसलं, त्याने स्कार्ववीकच्या अकरा मुलांच्या कागदांवर खोट्या सह्या केल्या, असं मी लिहून द्यावं अशी तुमची अपेक्षा आहे.

प्रमाणपत्रात जे लिहिलं आहे ते खरं असणार. साठ वर्षांत माणूस बरंच विसरतो.

वडिलांची कागदपत्रं माझ्याकडे नाहीत.

राग्नफ्रिड हाउगलांड


स्कार्ववीक, ४ ऑक्टोबर २००६

राग्नफ्रिड हाउगलांड यांस,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्हाला दुखवायचा विचार नव्हता. मास्तरांना नेलं त्या सकाळी मी तुमच्या दारात बादली घेऊन उभा होतो. एका सैनिकाने बादलीत वाकून पाहिलं आणि मला बाजूला केलं. मास्तरांनी बुटांचे बंद शांतपणे बांधले, घाई केली नाही. ते मी विसरलेलो नाही.

मला पत्र कशाला हवं तेवढं सांगतो, मग तुमचा वेळ घेणार नाही.

माझी मुलगी मारित शेहेचाळीस वर्षांची आहे. वृद्धाश्रमात परिचारिका आहे, दर रविवारी येते. तिची आई, माझी एल्ले, चार वर्षांपूर्वी गेली. मला वाचता येत नव्हतं हे एल्लेला ठाऊक होतं, बाकी कोणाला नाही. घरात आलेला कागद ती आधी मोठ्याने वाचायची, "आईची सवयच आहे" असं पोरं म्हणायची. मी वाचायला शिकलो ते चौतिसाव्या वर्षी, मारितच्या पुस्तकांवर, ती शाळेत गेलेली असताना. ती यायच्या आत पुस्तक जागेवर ठेवायचो.

गेल्या हिवाळ्यात मारित सोफ्यावर बसली होती. चौकटीकडे बोट करून म्हणाली, "बाबा, सात वर्षांची शाळा भिंतीवर टांगलीय, आणि मला एक गोष्ट कधी वाचून दाखवली नाहीत."

"बोटीवर असायचो."

"रविवारीही?"

मी उठून बाहेर गेलो आणि लाकडं फोडत बसलो. लाकडं आधीच फोडलेली होती.

ती पहिलीत असताना पुस्तक घेऊन माझ्या गुडघ्याशी यायची, आणि मी तिला हाकलायचो. हाकलायचोच, दुसरा शब्द नाही. तिला वाटतं मला तिची पर्वा नव्हती. खरं काय ते सांगायला मी अनेकदा तोंड उघडलं आहे, पण भिंतीवरचा कागद माझ्या विरुद्ध साक्ष देतो. आणि खरं सांगू, इतकी वर्षं तो कागद मीच टांगून ठेवला आहे. सरकारने एका कागदावर लिहून दिलं की याला शाळा मिळाली नाही, तर तो मी टेबलावर ठेवीन. मला बोलावं लागणार नाही.

मास्तरांना खोटं म्हणायचं नाही. पण मला त्या काळातले शाळेचे दिवस मोजून आठवतात, आणि ते सात वर्षं होत नाहीत.

हिल्मार अनानियासेन


स्कार्ववीक, २९ ऑक्टोबर २००६

राग्नफ्रिड हाउगलांड यांस,

उत्तर आलं नाही. कदाचित पत्र पोचलं नसेल. बोट दोन दिवस वाऱ्यामुळे आली नव्हती. पोचलं असेल आणि उत्तर द्यायचं नसेल तर तसं एका ओळीत कळवा, म्हणजे मी रोज टपालपेटीपाशी जाणार नाही. गुडघा दुखतो आणि रस्त्यावर बर्फ धरलं आहे.

बर्गेनच्या त्या दुसऱ्या बाईंचं उत्तर मात्र आलं. त्या दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी मला यश चिंतलं आहे.

हिल्मार अ.


बर्गेन, १२ नोव्हेंबर २००६

हिल्मार,

आता अहो-जाहो करत नाही. आपण एका वर्गात होतो, जितका काळ वर्ग होता तितका.

सोबत एक वही पाठवते आहे, नोंदणी टपालाने. कागदपत्रं नाहीत असं मी लिहिलं होतं. ती माझ्या कपाटात आहेत, वडील गेल्यापासून, म्हणजे एकतीस वर्षं. मी ती उघडली नव्हती असंही नाही.

ही त्यांची खासगी हजेरी. शाळाखात्याला पाठवलेली नव्हे, खरी. तुझ्या नावापुढे लिहिलं आहे: १९४०च्या शरदात ३८ दिवस. मग इमारत सैन्याने घेतली. १९४७च्या वसंतात, लढाईनंतर उभारलेल्या बराकीत २३ दिवस. एकूण ६१. खाली त्यांच्या बारीक अक्षरात: "हुशार. मी बोलतो ते त्याला कळत नाही. तो बोलतो ते मला येत नाही."

अकराही मुलांचं असंच आहे. कोणाचे पन्नास दिवस, कोणाचे सत्तर. अकराही जणांना त्यांनी पूर्ण सात वर्षांचं प्रमाणपत्र दिलं. वहीत मागे एका पत्राची प्रत आहे. कागदाशिवाय तुम्हाला मंदबुद्धी ठरवतील आणि बोटीवरही कोणी घेणार नाही, अशी त्यांना भीती वाटत होती. खात्याचं उत्तरही तिथेच टाचलेलं आहे, ते वाच. लढाईत शाळा बुडालेल्या मुलांसाठी सरकार त्या वर्षी एक जादा वर्ष देत होतं, शिक्षक आणि वसतिगृहासह. स्कार्ववीकला ते मिळालं नाही. कारण एका ओळीत दिलं आहे: सर्व विद्यार्थ्यांचं शिक्षण पूर्ण झालेलं असल्याने गरज दिसत नाही.

त्यानंतर त्यांनी उत्तरेत नोकरी केली नाही. घरी स्कार्ववीकचं नाव निघालं की ते दुसऱ्या खोलीत जायचे. मला वाटायचं, गोदीच्या आठवणी.

आता जे कोणी विचारलेलं नाही ते. तुरुंगातून सुटून आल्यावर दोन हिवाळे त्यांनी मला घरी शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी, रोज सकाळी दोन तास. माझं एक वर्षही वाया गेलं नाही. दक्षिणेत आल्यावर मी वयाच्या बरोबरीच्या वर्गात बसले, पुढे चाळीस वर्षं ग्रंथालयात काढली. त्या टेबलाभोवती बारा जणांची जागा होती. परवा मी कागदावर काढून पाहिलं. एकत्र जमायला बंदी होती, त्यांच्यावर नजर होती, हे सगळं खरं आहे. पण दोघं-तिघं बसवता आली असती.

तू दूध घेऊन यायचास आणि पडवीत रेंगाळायचास. दार किलकिलं असायचं. एक दिवस बाबा म्हणाले, "दार लाव." मी लावलं. त्यानंतर ते बंदच राहिलं.

साक्षीदार म्हणून माझं निवेदन सोबत आहे, सही करून. मूळ वहीच पाठव. कार्यालयाने वडिलांबद्दल काय म्हणायचं ते म्हणू दे.

राग्नफ्रिड


स्कार्ववीक, २० नोव्हेंबर २००६

राग्नफ्रिड,

वही पोचली. टपालवालीने सही घेतली आणि "काय आजोबा, कोणाचं मृत्युपत्र?" असं विचारलं. मी पाकीट छातीशी धरून घरी आलो आणि दोन तास उघडलं नाही.

मग ती ओळ वाचली. "हुशार." मास्तरांच्या हातचा हा शब्द मी पुन्हा पुन्हा बघितला. शाईने लिहिला आहे, शिसपेन्सिलीने नाही. पुढची दोन वाक्यंही खरी आहेत. मास्तर काही सांगायचे, मी मान हलवायचो, ते पुढे जायचे. आमच्यात मोठ्या माणसाला "कळलं नाही" म्हणणं उद्धट समजतात. अकराजण अशी मान हलवत बसायचो. त्यांना वाटलं असेल, काय गुणी पोरं आहेत.

जादा वर्षाचं उत्तर वाचून मी बराच वेळ खिडकीपाशी उभा राहिलो. राग कोणावर धरायचा ते ठरेना. मास्तरांवर धरला तर तो टिकत नाही. खात्यातल्या माणसावर धरावा, तर त्याने समोर आलेला कागदच वाचला. ओलुफला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं आणि टोपी डोक्यावर ठेवून गेला.

आता अर्ज. सगळं भरून झालं आहे, फक्त चौथा रकाना अडला आहे. "या काळात इतर कोणतेही शिक्षण मिळाले काय? तपशील द्या." मी "नाही" लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आता कागदाला भोक पडायला आलं आहे. कारण पडवी.

मी पडवीत उगाच रेंगाळत नव्हतो. बादली रिकामी करायला जेवढा वेळ लावता येईल तेवढा लावायचो. पहिल्या हिवाळ्यात दार किलकिलं होतं, तेव्हा सगळं ऐकू यायचं. तुला ते पाढे म्हणायला लावायचे. मला शब्दांचे अर्थ कळत नव्हते, नुसते आवाज पाठ करायचो आणि घरी जाताना बर्फात म्हणायचो. माझ्या आईला वाटलं मास्तरांच्या बायकोने स्तोत्र शिकवलं. मी दोनाचा पाढा म्हणायचो तेव्हा ती हात जोडून बसायची. सहापर्यंत सगळे झाले. सातापाशी असताना दार लागलं. दुसऱ्या हिवाळ्यात दाराला कान लावायचो, पण जाड फळी होती, नुसती गुणगुण यायची. तरी थांबायचो. बादलीतल्या दुधावर बर्फाचा पापुद्रा धरायला लागायचा तेव्हा जायचो.

हे शिक्षण म्हणायचं का? लपवलं आणि "नाही" लिहिलं, तर माझाही कागद मास्तरांच्या कागदासारखाच होईल. लिहिलं तर ते म्हणतील, बघा, शिकला होता. दोन दिवस झोप धड नाही. शेवटी लिहिलं: "पडवी, दोन हिवाळे. त्यातला एक दार बंद असताना." उद्याच्या बोटीने पाठवतो. २७ला पोचावं.

एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तू लिहिलंस ते तसं नव्हतं. मास्तर "दार लाव" म्हणाले नाहीत. नॉर्वेजियनमधला "दार" हा शब्द मला तेव्हा येत होता. शाळेत तोच पहिला शिकवला होता. ते म्हणाले असते तर मला कळलं असतं. तू आपणहून उठलीस. पायांत मोजे नसावेत, जमीन गार होती. तू दहा वर्षांची होतीस. मी ते कधी मनात धरलं नाही. मास्तरांच्या नावावर आधीच अकरा सह्या आहेत, ही बारावी त्यांची नको.

हिल्मार


स्कार्ववीक, १८ मार्च २००७

राग्नफ्रिड,

नोव्हेंबरपासून तुझं पत्र नाही. मी लिहिलं त्याचा राग आला असेल तर तसं कळव. तब्येत बरी नसेल तरी कळव. काहीच कळलं नाही की मी सगळंच धरून चालतो.

जानेवारीत कार्यालयातून फोन आला. तीच मुलगी. म्हणाली, "अनानियासेन, चौथ्या रकान्यात पडवीचं लिहायची गरज नाही. तो रकाना फक्त शिक्षणासाठी आहे. मी तिथे 'नाही' टाकते."

मी म्हणालो, "टाकू नका."

"अहो, तुमच्याच फायद्याचं सांगतेय."

"ठाऊक आहे. पण एकसष्ट दिवस शाळेत बसून जे आलं नाही ते मला पडवीत आलं. ते खोडलं तर मी मुळीच कुठे शिकलो नाही असं होईल."

तिने कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "साहेबांना विचारून सांगते." पुढे काही सांगितलं नाही. मी दोन महिने धरून चाललो की अर्ज बुडाला.

गेल्या गुरुवारी पत्र आलं. मंजूर. चार ओळींचं आहे. युद्धामुळे आणि तत्कालीन शिक्षणधोरणामुळे अर्जदाराला शालेय शिक्षण मिळू शकले नाही, असं लिहिलं आहे. तुझ्या वडिलांचं नाव कुठेही नाही. वही परत आली आहे, नोंदणीने तुला पाठवतो. आणि पत्राला माझ्या अर्जाची प्रत जोडलेली आहे. चौथा रकाना तसाच आहे. कोणी हात लावलेला नाही.

रविवारी मारित आली. मी पत्र टेबलावर ठेवलं आणि कॉफी करायला उठलो. ठरवलं होतं तसं.  दोन कप भरले. बाहेर आलो तर ती पत्र नव्हे, मागचा अर्ज वाचत होती.

"बाबा, ही पडवी काय आहे?"

मग मला बोलावंच लागलं. पत्राने काम केलं नाही, मलाच करावं लागलं. बादलीपासून सुरू केलं आणि तिच्या पुस्तकांपर्यंत आलो. ती शाळेत गेल्यावर मी ती काढायचो हेही सांगितलं.

ती म्हणाली, "तरीच माझ्या पुस्तकांना मासळीचा वास यायचा. मी आईला बोल लावायची." आणि मग चौकटीपाशी जाऊन उभी राहिली. "हे उतरवू का?"

"राहू दे. मागे भिंतीचा रंग वेगळा झालाय."

"बादली रिकामी करायला किती वेळ लावायचात?"

"मास्तर पाढ्यात जिथपर्यंत जातील तिथपर्यंत."

जाताना तिने पडवीत बूट घालायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. या रविवारी येताना तिचं पहिलीचं पुस्तक घेऊन येते म्हणाली. ते तिने जपून ठेवलं आहे हे मला माहीत नव्हतं. मी काल चष्म्याची काच बदलून आणली.

एकच राहिलं. सात सक बेचाळीसपर्यंत मी ऐकलं होतं, तेवढ्यात दार लागलं. पुढचं मी नंतर मारितच्या पुस्तकातून शिकलो, उत्तर मला येतं. पण त्या घरातून ते कधी ऐकलं नाही. हे म्हाताऱ्याचं खूळ आहे. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

हिल्मार


बर्गेन, २६ मार्च २००७

हिल्मार,

तब्येत बरी आहे. वही पोचली.

तू म्हणतोस ते खरं आहे, बाबा काही बोलले नव्हते. पण पायांत मोजे होते, लोकरीचे, दोन जोड. मला थंडी वाजत नव्हती. तू बाहेर ओठ हलवताना मला फटीतून दिसायचास, आणि माझ्याआधी तुझे ओठ हलायचे.

सात सत्ते एकोणपन्नास.

राग्नफ्रिड